आधीच येऊन गेलेली

अल्सीद कोमोने सकाळी पिकअपमध्ये गादी चढवली, तिच्यावर ताडपत्री टाकली आणि दोरीला कोळ्याची गाठ मारली. पोरीचं सगळं चंबूगबाळं त्या ताडपत्रीखाली मावलं होतं. दोनचार खोकी, एक किटली, मेलेल्या आईची रजई. पुढच्या सीटवर ओदिलच्या पायांशी बटाटा-कोंबडीच्या रापूरचं भांडं होतं, शेजारच्या डेल्फीनने बांधून दिलेलं. विद्यापीठ सोमवारी सुरू होणार होतं, आणि ओदिल राहणार कुठे हेच अजून ठरलं नव्हतं.

चूक ओदिलचीच होती. मार्चमध्ये होस्टेलचा अर्ज भरायचा, तर बाईसाहेबांनी नाक मुरडलं. "अनोळखी पोरीचं घोरणं ऐकत वर्ष काढू? मला माझी एकटीची खोली पाहिजे, पपा." उन्हाळा सरत आला तेव्हा कळलं की हॅलिफॅक्समध्ये भाड्याची खोली मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. मग घाईघाईने होस्टेलच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं, आणि आज बघण्यासाठी तीन पत्ते जमवले.

अल्सीदला आतून वाटत होतं की एकही पत्ता जमू नये. पोरीने वर्षभर घरीच राहावं, आपल्यासोबत बोटीवर यावं. हे तो बोलत नव्हता. ओदिलला ते ठाऊक होतं, म्हणून तीही बोलत नव्हती.

शहरात शिरले तेव्हा धुकं इतकं खाली आलं होतं की बंदरावरच्या क्रेनचे नुसते पाय दिसत होते. धुक्याचा इशारा देणारा भोंगा वाजत होता. थांबायचा, आणि थांबला असं वाटेपर्यंत पुन्हा वाजायचा.

पहिलं घर मिसेस हायल्टन नावाच्या विधवेचं. तळघरातली खोली होती. तिने दार उघडलं, ओदिलकडे बघितलं आणि तिचा चेहरा त्रासिक झाला.

"अगं, तुला तर खोली पसंत नव्हती ना? आता परत कशाला?"

ओदिल गोंधळली. "मी? आम्ही आत्ताच पोचतोय. तीन तासांचा रस्ता आहे."

"सकाळी आलेलीस, मी कॉफी करत होते तेव्हा. हाच हिरवा रेनकोट. आत गेलीस, उभी राहिलीस, मान हलवलीस आणि चालती झालीस. बाई गं, धड हो-नाही तरी बोलावं माणसाने." मग अल्सीदकडे वळून ती म्हणाली, "तुमची मुलगी हुशार असेल हो, पण वळण नाही."

"दुसरीच कोणीतरी असेल," अल्सीद म्हणाला. "आजकाल सगळ्यांचे रेनकोट सारखेच."

"रेनकोट सारखे असतील. चेहरेसुद्धा?"

खोली त्यांनी पाहिली. अंधारी होती, कुबट होती, पण वाईट नव्हती. फक्त फरशीवर मधोमध ओला डाग होता, कोणी बराच वेळ निथळत उभं राहिल्यासारखा. बाहेर रस्ता कोरडा होता. धुकं होतं, पण पाऊस आठवडाभरात पडला नव्हता.

"विचित्र बाई," पिकअपमध्ये बसताना ओदिल हसली. अल्सीदला हसू आलं नाही. त्याने खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली.

"काय झालं, पपा?"

"काही नाही. भूक लागली असेल."

दुसरं घर टेकडीच्या उतारावर होतं. लाकडी, उंच, रंगाचे पोपडे निघालेलं. तिथे चार विद्यार्थी राहत आणि पाचवं माणूस शोधत होते. कॅलम नावाचा लाल दाढीवाला मुलगा दारात आला.

"आलीस का परत? छान. मी यांना म्हटलंच होतं, ती येणार." मग हसू आवरत त्याने आत हाक मारली. "अरे, ती पाणीवाली आलीय."

"पाणीवाली?" ओदिलने विचारलं.

"राग मानू नकोस. पण जेवणाच्या वेळी आलीस आणि जिना भिजवून गेलीस. बूट तरी काढायचेस. आम्ही दोघं पुसत बसलो होतो. आणि ते पाणी..." त्याने नाक चोळलं. "खारट वास येत होता त्याला. पोहून आलीस की काय, असं आम्ही म्हणत होतो."

ओदिलचा चेहरा उतरला. "तू माझी थट्टा करतोयस का?"

"मी कशाला थट्टा करू?" आता कॅलमही गांगरला. त्याने आधी तिच्या बुटांकडे पाहिलं, मग अल्सीदकडे. "तूच ना? वरच्या खोलीत जाऊन खिडकीशी उभी होतीस. मी विचारलं, आवडली का, तर म्हणालीस... म्हणालीस, इथे नाही."

अल्सीदने लेकीचा दंड धरला. "चल, ओदिल."

"अजून खोली बघितली नाही आपण."

"चल म्हटलं ना."

अल्सीदच्या गावाकडे किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांत याला 'वर्दी' म्हणतात. माणूस जागेवर पोचायच्या आधी तिथे दिसून जातो. सकाळी दिसला तर काळजी नको, आयुष्य वाढतं म्हणतात. दिवस कलतो तशी वर्दी वाईट होत जाते. अल्सीदचा थोरला भाऊ उलिस असाच एका संध्याकाळी दुकानात दिसला होता. तंबाखू मागितली, न घेताच गेला. त्या वेळी खरा उलिस घरी अंथरुणात तापाने फणफणत होता. ताप उतरला, तो समुद्रावर गेला, आणि त्याच आठवड्यात त्याची होडी रिकामी सापडली. अल्सीद तेव्हा ओदिलच्याच वयाचा होता. त्याने ही गोष्ट लेकीला कधी सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

मिसेस हायल्टनकडे सकाळी. कॅलमकडे दुपारी.

"तिसरं राहू दे," तो म्हणाला. "घरी जाऊ. पुढच्या वर्षी बघू."

"वाटलंच मला." ओदिलने समोर बघत म्हटलं. "सकाळपासून तू हेच म्हणायची वाट बघतोयस."

त्याने पिकअप तिसऱ्या पत्त्याकडे वळवली.

घर बंदराच्या बाजूला, तीन मजली, वर कोपऱ्यात गोल बुरुजासारखी खोली. रस्त्यावर गाडी लावायला जागा नव्हती. ओदिल म्हणाली, "तू उतर, मी पुढे लावून येते." अल्सीदने बेल वाजवली. मिस्टर पर्डी नावाचे म्हातारे गृहस्थ दारात आले. स्वेटर, चप्पल, हातात अर्धं सोललेलं संत्रं.

"या, या. तुम्ही वडील वाटतं? मुलगी वर आहे."

अल्सीदने मागे वळून पाहिलं. त्याची पिकअप रस्त्याच्या टोकाला वळत होती. काचेतून ओदिलचं डोकं दिसत होतं.

"वर... कोण आहे?"

"तुमची मुलगी. बराच वेळ झाला, बसलीय. मी म्हटलं, बस निवांत, घाई नाही. खोली आवडलेली दिसतेय तिला." मग म्हातारा आवाज खाली आणून म्हणाला, "जरा आजारी आहे का हो? कुडकुडत होती."

माघारी फिरावं असं अल्सीदला वाटलं. पण वर जे होतं ते त्याच्या लेकीसारखं दिसत होतं आणि कुडकुडत होतं. बापाचे पाय जिन्याकडेच गेले.

जिन्यात ओल्या लोकरीचा आणि समुद्रशेवाळाचा वास होता. खाली भोंगा वाजला. वर खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पलंगावर, दाराकडे पाठ करून, हिरवा रेनकोट घातलेली मुलगी बसली होती. केस एका खांद्यावर घेऊन ती हातांनी पिळत होती. बोटीवर लाट अंगावर आली की ओदिल असेच केस पिळायची, हे त्याने शंभरदा पाहिलं होतं. फरशीवर पाणी टपटपत होतं.

"ओदिल?" त्याने हाक मारली.

तिने वळून पाहिलं नाही.

"चल ना, पपा," ती हळू म्हणाली. "किती वेळ... गार पडलेय मी."

खालून, रस्त्यावरून, खऱ्या ओदिलने हाक मारली. "पपा! जागा मिळाली." त्याची नजर क्षणभर खिडकीकडे गेली. परत फिरली तेव्हा पलंग रिकामा होता. चादरीवर बसल्याचा खळगा होता, आणि तो हळूहळू भरून वर येत होता.

तो जिना उतरला कसा ते त्याला कळलं नाही. दारात ओदिल पायऱ्या चढत होती.

"कशी आहे?"

"नाही," तो म्हणाला. "ही नाही."

"मला बघू तरी दे."

"नाही, बाळा."

ती शाळेत जायला लागल्यापासून तो तिला 'बाळा' म्हणाला नव्हता. ती थांबली. मागे मिस्टर पर्डी गोंधळून दोघांकडे बघत होते. संत्र्याची एक फोड त्यांच्या हातून पडली. "पण आत्ता तर ही वर..." एवढंच ते म्हणाले.

पिकअपमध्ये बसून त्याने तिला सगळं सांगितलं. उलिसचं, दुकानाचं, सकाळ-संध्याकाळचं. वर काय पाहिलं तेही. आधी ती रागाने ऐकत होती. मग ती नुसती ऐकायला लागली. रापूरचं भांडं तिने पायांशी घट्ट धरलं होतं.

"मी तुझ्याबरोबर घरी आले," तिने विचारलं, "तर हे थांबेल?"

हो म्हणायची ही संधी होती. एका शब्दाचं काम होतं, आणि ती आली असती. दिवसभर, नव्हे महिनाभर, तो याच शब्दासाठी थांबला होता.

"मला माहीत नाही," अल्सीद म्हणाला. "उलिसचं काही केल्याने थांबलं असतं का, तेही मला माहीत नाही."

ओदिलने बंदराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिने जी जागा बघितली नाही, तिथे मी राहीन. होस्टेलवर चल. मिळालं तर मिळालं."

मिळालं. कुणा मुलीने त्याच दुपारी नाव मागे घेतलं होतं. टेकडीवरची दगडी इमारत, समुद्राकडे पाठ. दोघींची खोली. आत सस्कॅचवनहून आलेली मार्लिस नावाची जाडजूड, हसरी मुलगी भिंतीला घोड्यांची चित्रं लावत होती.

"इथे आज कोणी आलं होतं का?" अल्सीदने दारातूनच विचारलं. "हिच्यासारखी दिसणारी?"

मार्लिसने त्याच्याकडे, मग ओदिलकडे पाहिलं. "मी सकाळपासून इथेच आहे, काका. फक्त पिझ्झावाला आला होता. तो हिच्यासारखा मुळीच दिसत नव्हता."

ओदिल हसली. त्या दिवसातलं ते पहिलं मोकळं हसू. अल्सीदने फरशी पाहिली, पलंगावर हात फिरवला. सगळं खडखडीत कोरडं. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"तू घोरतेस का गं?" ओदिलने विचारलं.

"बैलासारखी," मार्लिस म्हणाली.

"चालेल."

अल्सीद एकटाच गावी पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. घराच्या वळणावर डेल्फीन कुत्र्याला घेऊन उभी होती. तिने हात करून पिकअप थांबवली.

"काय रे अल्सीद, नाही जमलं वाटतं? परत घेऊन आलास तिला?"

"कुणाला?"

"ओदिलला. आत्ता धक्क्यावर गेली की. मी हाक मारली, तर वळूनसुद्धा बघितलं नाही. एवढी कसली रुसलीय?"

तो तडक धक्क्याकडे गेला. पूर्ण ओहोटी होती. बोटी चिखलात टेकल्या होत्या, पाणी पार लांब सरकलं होतं. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. लोखंडी शिडीने तो आपल्या बोटीवर उतरला. डेक कोरडा. केबिन रिकामी. कुठे थेंबभर पाणी नाही, कसला वास नाही. तो पेटीवर बसला आणि त्याने लेकीला फोन लावला.

"पपा, पोचलास?" मागे बशा वाजत होत्या, पोरी हसत होत्या. "रापूर संपलं. मार्लिसने भांडं चाटलं."

"तू खोलीवरच आहेस ना?"

"मग कुठे असणार? ऐक, तू आता ते मनात घेऊ नकोस. आपण केलं ना जे करायचं ते."

"ओदिल, यंदा लॉबस्टरचा हंगाम उघडेल तेव्हा तू बोटीवर येऊ नकोस. मी माणूस बघतो."

"अरे वा. सापळे टाकायच्या पहिल्या दिवशी मी नाही, असं झालंय का कधी? तुझी कंबर काय म्हणेल?"

"मी सांगतोय ना, येऊ नकोस."

"बघू तेव्हा." ती हसत होती. "मी सांगते, तू अंथरुणातून उठायच्या आधी मी धक्क्यावर हजर असेन."

फोन बंद झाला. अंधार पडला होता. हंगाम संपल्यापासून बोट हलली नव्हती. बॅटरी काढून त्याने कधीच घरी नेऊन ठेवली होती. उठण्यासाठी त्याने मागे हात टेकला, आणि हात इंजिनावर पडला.

इंजिन गरम होतं.