चित्रातली रिकामी जागा

नारायण पेठेतल्या दशरथच्या दुकानात त्या दिवशी एक जुनं फ्रेंच चित्र फ्रेम करायला आलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीचं, छापील आणि भलतंच टिंगलखोर. घोड्यांनी ओढायच्या बसमध्ये कोंबलेली माणसं: मांड्या फाकवून बसलेला जाड्या, डुलक्या घेणारा दारुडा, दोघांकडे बघून नाक मुरडणारी मड्डम. चित्रकारानं एकालाही सोडलं नव्हतं. जाड्या आणि दारुड्याच्या मध्ये मात्र एक जागा रिकामी होती.

दुपारी त्याची बायको ललिता डबा घेऊन आली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बसमध्ये उभं राहवत नसे. त्यामुळे संध्याकाळी खडकीला घरी जाताना दशरथ खिडकीतून रुमाल टाकून तिच्यासाठी जागा धरायचा, आणि त्या रुमालाचा मान पुणेकर निमूटपणे राखायचे. त्या दिवशी त्याला चेष्टेची लहर आली. त्यानं रुमाल चित्रातल्या रिकाम्या जागेवर ठेवला.

"घे, तुझी जागा धरली."

"काहीतरीच तुमचं," म्हणत ती हसली.

रुमाल उचलला तेव्हा त्याला ओल्या घोड्यांचा वास येत होता. जुना कागद, दुसरं काय, म्हणून त्यानं तो खिशात कोंबला.

संध्याकाळी बस आली. त्यानं खिडकीतून रुमाल टाकला, ललिताला पुढे चढवलं आणि तिच्या पाठोपाठ आपण चढला. सीटवर रुमाल तसाच पडला होता. ललिता कुठेच नव्हती.

"काका, तुम्ही एकटेच चढलात," कंडक्टर म्हणाला.

रुमाल उचलून तो खाली उतरला. थांब्यावर हाका मारून दशरथचा घसा बसला. डोळे पुसायला त्यानं रुमाल काढला, तर तोच वास, आता पार नाकात शिरणारा. तो धावतच दुकानात आला आणि त्यानं दिवा लावला.

जाड्या आणि दारुड्याच्या मध्ये ललिता बसली होती. मांडीवर डब्याची पिशवी, नाक फुगवलेलं, गुडघा भोपळ्याएवढा. तिचीही यथेच्छ टिंगल केलेली. ती थेट त्याच्याकडे बघत होती. त्यानं तिच्या शेजारी रुमाल ठेवून पाहिला, पण तिथे आता बोटभरही जागा नव्हती.

"जरा सरका हो..." तो कागदाला विनवत राहिला. "आमची माणसं आहेत... सरका ना..."

कुणी सरकलं नाही. इतका हतबल तो जन्मात झाला नव्हता.

सकाळी गिऱ्हाईक आलं आणि चित्रातल्या गुडघेवाल्या बाईकडे बघून पोट धरून हसलं. दशरथनं वाकून पाहिलं. काल बसच्या खिडकीबाहेर घरं होती. आता नुसतं माळरान होतं, आणि ललिता त्याच्याकडे पाठ करून बाहेर बघत होती, उतरायचा थांबा आला का ते.