आयत्या वेळचा विषय

तापीकाठ विद्यापीठाच्या मनोबिंब प्रयोगशाळेत गारवा फक्त काचेच्या खोलीत होता, कारण उकाडा यंत्रालाच होतो असं खरेदी समितीचं मत पडलं होतं. यंत्र आत गारठत होतं आणि त्याचे जनक डॉ. नेहेते बाहेर रुमालानं मान पुसत होते.

समोर तेजल पाडवी बसली होती. विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेत विद्यार्थ्यांची एकच जागा असते. तिथं ती निवडून आलेली. सोमवारी परिषद ती जागा रद्द करून यंत्राला देणार होती. तेजलला यंत्राचा राग नव्हता, संशय होता. त्याला जे जे विचारलं, त्याला विद्यार्थ्यांची संमतीच निघाली होती. अभ्यासिका बंद करायलासुद्धा, आणि त्या अभ्यासिकेच्या दारात चपला काढायला जागा नसायची.

"घरात चार माणसांचं एका भाजीवर एकमत होत नाही, सर. इथं बारा हजार पोरांचं कसं होतं?"

नेहेत्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक विद्यार्थ्याची हजेरी, उपाहारगृहातलं खाणं, ग्रंथालयातली पुस्तकं, भरलेली फी, असं सगळं वागणं टिपून यंत्र त्याचं मनोबिंब घडवतं. एखादा निर्णय झाला तर तो माणूस कसा वागेल, ते बिंब आधीच सांगतं. मात्र बोलणं यंत्र जमेस धरत नाही.

"बोलण्यात प्रत्येक जण क्रांतिकारक असतो," नेहेते म्हणाले. "फी वाढली तेव्हा घोषणा सगळ्यांनी दिल्या. फीही सगळ्यांनी भरली. मी त्याला संमती म्हणतो."

"सगळ्यांनी नाही. आमच्या वर्गातला दिलवर गावी परत गेला."

"तो आता विद्यार्थी नाही. त्याचं बिंब काढून टाकलं."

तेजलनं हिशेब जुळवून पाहिला. "म्हणजे नाही म्हणून जो गेला, तो मोजायचाच नाही. आणि जो राहिला, तो हो म्हणाला."

"सुटसुटीत आहे की नाही?"

"आणि माझी जागा रद्द करायला माझं बिंब काय म्हणतं?"

नेहेत्यांनी कळ दाबली आणि जरा ओशाळून सांगितलं, की संमती. तेजलनं प्रत्येक बैठकीत विरोध केला होता खरा. पण मग बैठकीतली कचोरी खाऊन, हजेरीची सही करून ती पुढच्या बैठकीला पुन्हा आली होती.

तेजलला आता स्वतःचाही संशय येऊ लागला. विरोध करून इथंच राहावं तर तो धरला जात नाही, आणि रागानं निघून जावं तर आपणच पुसले जातो. उठता उठता तिनं विचारलं, की हे फक्त विद्यार्थ्यांवरच चालतं का. नेहेते दुखावले. वागण्याची नोंद असली की कुणावरही चालतं, म्हणाले. परिषदेच्या सदस्यांवर तर फारच सोपं, सगळी इतिवृत्तं कपाटात आहेत.

सोमवारच्या बैठकीत ठरलं, की पुढच्या बैठकीपासून तेजलची जागा रद्द. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' निघाले. तापीकाठात हे विषय कचोरीचा वास आत आल्यावर निघतात. पेनांना टोपणं लागलेली असतात, आणि आयत्या वेळचा विषय कुणी नाकारल्याचं कुणाच्याही आठवणीत नाही. तेजलनं परवानगी मागितली. पोरीला निरोपाचे दोन शब्द बोलायचे असतील, असं समजून कुलगुरू डॉ. सरोद्यांनी ती दिली.

तिनं मांडलं, की सन्माननीय सदस्यांना लांबून यावं लागतं. त्यांचीही मनोबिंबं बसवावीत, बिंबाचं मत तेच सदस्याचं मत धरावं आणि मानधन पूर्ववत चालू ठेवावं. अनुमोदनाला तीन हात एकदम वर गेले. सरोद्यांच्या मनात कुठंतरी शंकेची पाल चुकचुकली, पण तेवढ्यात कचोरी आली. मंजूर.

पुढच्या बैठकीला कुणी आलंच नाही. विद्यार्थ्यांनी रीतसर विषय दिला होता, की रद्द केलेली जागा निवडून येणाऱ्या प्रतिनिधीला परत द्यावी. समोर आलेला विषय मंजूर करायचा, एवढंच सदस्यांचं वागणं इतिवृत्तांत होतं. बिंबांनी तेच केलं. एकमतानं. त्यात सरोद्यांचं बिंबही होतं.

सरोदे तडक प्रयोगशाळेत आले. "मी याला विरोध केला असता, नेहेते."

"केला असता, सर. पण आजवर एकदाही केलेला नाही."

"मी राजीनामा देईन."

"मग आपलं बिंब काढावं लागेल. राहिलेल्यांचं एकमत आहेच."

संध्याकाळी कुलगुरू उपाहारगृहात तेजलच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. इकडंतिकडं पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "उपोषणाला बसायचं तर परवानगी कुणाची लागते गं?"

"कुलगुरूंची, सर."

ते विचारात पडले. "म्हणजे बिंबाची."

"हो. मिळेल. ते नाही म्हणतच नाही." तेजलनं त्यांच्याकडं जरा संशयानं पाहिलं. "पण सर, एक सांभाळा. मधे काही खाल्लंत, तर ती संमती धरतात."