मोहरीएवढी गाठ

"कापड बघायला आलाव, का माझा हात?"

मी विचारलं तसा तो दचकला. निजामपुऱ्यातल्या आमच्या कापडाच्या कारखान्यात तो अ‍ॅप्रनसाठी पांढरं कापड घ्यायला आला होता. मी काचेच्या टेबलावर तागा तपासत होते, खाली ट्यूबलाइट. तुटका धागा ओढताना बाही वर सरकली… आणि कोपरापर्यंतच्या मऊ मऊ गाठी त्याला दिसल्या. दुखत नाहीत त्या. पण दोन स्थळं त्या बघून चहा न घेताच उठली होती. तेव्हापासून मी भर मे महिन्यातही लांब बाह्या घालायचे.

"माफ करा. मी रामदास, काल्हेरचा. मुंबईला प्रयोगशाळेत याच गाठींवर काम करतो. नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, येतात त्या, कॅन्सर नाही. पण सुरू कुठल्या पेशीपासून होतात, ते शोधतोय."

"मंग सापडली?"

"नाही अजून…" तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. मेल्याचं नेमकं तेवढंच माझ्या लक्षात राहिलं.

मग दर शनिवारी त्याला कापड लागायला लागलं. "याला अ‍ॅप्रन तरी किती लागतात ग, द्रौपदी?" शेजारच्या टेबलावरची आक्का विचारायची, आणि मी मान खाली घालून धागे मोजायचे.

एका शनिवारी तो उतरल्या चेहऱ्याने आला. "ऑपरेशनमधून मोठ्या गाठी मिळतात. आत चार तऱ्हेच्या पेशी गुंतलेल्या. पहिली कोण, तेच कळत नाही."

"तुम्ही मोठं भोक बघताव," मी म्हटलं. "तिथं सगळेच धागे तुटलेले असतात. आम्ही न्हाय तिथं बघत. नुकतं बिघडायला लागलंय, तिथं बघायचं."

त्याने खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. मला काय झालं कोण जाणे, मी बाही नि बांगड्या वर सारल्या. मनगटावर नवी गाठ होती, मोहरीएवढी. आयेलाही दाखवली नव्हती.

"ही घ्या."

"माझ्यासाठी म्हणून नको…"

"तुमच्यासाठी कोन करतंय?" मी चक्क खोटं बोलले.

त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांनी गाठ काढली, दोन टाके पडले. त्यानंतर महिनाभर तो फिरकला नाही. गाठ मिळाली, काम झालं… मला रडू आलं, मग राग आला. रागातच मी आखूड बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला. आता लपवायचं कुणासाठी?

तोच घालून बसले होते, तर तो समोर.

"नसेच्या तंतूला वेढून बसतात ना, त्याच पेशी जास्त दिसल्या. एका गाठीवरून खात्री नाही देता येत. पण वाट सापडली."

"हे सांगायला महिना?"

"ते आठवड्यात कळलं. बाकीचे दिवस… हिंमत गोळा करत होतो."

हिंमत कशासाठी, ते न सांगताच कळलं; मी विचारूनच टाकलं. "पोरांना व्हतं का हे?"

"अर्धी शक्यता. कुणाला थोडं, कुणाला जास्त. तुझ्याशी खोटं नाही बोलणार."

मी काचेवरचा हात मागे घेतला. तो गेला नाही. काचेकडे बघत अगदी हळू, गावच्या बोलीत म्हणाला, "पोर तुझ्यावानी झाली तर… मला चालंल."

त्याने तळहात काचेवर ठेवला, खालच्या उजेडात. आक्का बघत होती. बघू दे… मी माझा उघडा हात त्याच्या हातावर ठेवला.