कानफाटीची हाक

मुलांनो, कल्पना करा, तुमच्या तळपायांना कान आहेत. लांब कुणीतरी तुमचं नाव घेतं आणि ते तुमच्या टाचेला कळतं. हत्तींचं जवळजवळ असंच असतं. त्यांच्या काही हाका इतक्या खर्जातल्या असतात, की आपल्याला त्या ऐकूच येत नाहीत. पण त्या जमिनीतून दूरवर जातात आणि हत्ती त्या पायांनी ओळखतात.

या गोष्टीच्या काळात माणसानेही तसा कान बनवला आहे. ताटाएवढी चकती, तिला दोरी. जीपमधून खाली सोडून जमिनीला टेकवली, की कोणता हत्ती कोणाला हाक मारतोय ते ती पडद्यावर दाखवते. तिचं नाव पायकान. टांझानियात सफारीच्या प्रत्येक जीपमध्ये तो असतो.

बारा वर्षांच्या केतकीच्या पिशवीत मात्र जुना पायकान होता, तिच्या बाबांचा. नवे पायकान फक्त ऐकतात. जुने बोलायचेसुद्धा, साठवलेली हाक पुन्हा जमिनीत सोडायचे. बाबा हत्तींच्या हाकांचा अभ्यास करत. दोन वर्षांपूर्वी मान्यारा सरोवराच्या काठी कानफाटी नावाच्या हत्तिणीने त्यांना चिरडलं, आणि बोलक्या पायकानांवर बंदी आली.

“बाबांची जागा बघायचीय,” असं सांगून केतकीने वैजूआत्याला तीन दिवसांच्या सफारीवर आणलं होतं. खरं कारण वेगळं होतं. बाबांच्या साठ्यात कानफाटीच्या मेलेल्या पिल्लाची हाक होती.

पहिल्या दिवशी सरोवराकाठी ती दिसली. उजवा कान फाटलेला, मागे पाच-सहा हत्ती. आत्या आणि वाटाड्या लेमायान दुसऱ्या बाजूला रोहित पक्षी बघत होते. केतकीने चकती खाली सोडली आणि कळ दाबली.

कानफाटी जागच्या जागी थिजली. मग धावत सुटली. या झाडामागे, त्या झाडामागे, सोंडेने झुडपं उपटत. कळप पाण्याकडे निघून गेला. ती गेली नाही.

‘शोध आता,’ केतकी मनात म्हणाली. ‘मी शोधते तशी.’

त्या दिवशी किती तरी महिन्यांनी केतकी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी ते गोरोंगोरोच्या विवरात उतरले. लाखो वर्षांपूर्वी ज्वालामुखीचं तोंड आत कोसळलं आणि ही प्रचंड परात तयार झाली. आता तिच्यात गवत होतं, झेब्रे होते, मधोमध खारं तळं होतं. आत्या दुर्बिणीत गुंग झाल्यावर लेमायान हळूच म्हणाला, “काल झकास वाजवलंस, बाळ.”

तो बाबांबरोबर नऊ वर्षं होता. मराठी त्यांच्याकडूनच शिकलेला, कोल्हापुरी शिव्यांसकट.

“काय वाजवलं?”

“ओठ असे आवळू नकोस. चहा उशिरा आला की तुझे बाबा अस्सेच आवळायचे. काल माझ्या पायकानात मेलेल्या पिल्लाची हाक उमटली. मेलेलं पिल्लू बोलत नाही.”

“तिने बाबांना मारलं!”

“मारलं. का ते ठाऊक आहे?”

केतकीने पिशवी जवळ ओढली.

“पिल्लू गेल्यावर ती खात नव्हती. आवाज ऐकून तिला बरं वाटेल, असं तुझ्या बाबांना वाटलं. तू त्यांचे जुने निरोप फोनवर ऐकतेस, आत्या म्हणाली. तसं. मी नको म्हणालो, तरी त्यांनी हाक वाजवली. तिने तीन दिवस शोधलं. चौथ्या दिवशी ती त्या चकतीवरच धावून आली. तुझे बाबा चकतीवर वाकले होते.”

“खोटं!”

“बरं, खोटं. उद्या परतीच्या वाटेवर बघू.”

तिसऱ्या दिवशी कानफाटी तिथेच होती. सरोवर समोर दिसत होतं, पण ती तिकडे गेली नव्हती. सोंड धुळीत टेकलेली. लेमायानने आपली चकती खाली सोडली. पडद्यावर एकच नाव उमटत राहिलं, पिल्लाचं. हाक, थोडी शांतता, पुन्हा हाक.

“ही पाणी प्यायला का जात नाही?” आत्याने विचारलं. तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

केतकीला वाटलं होतं, हे बघून मजा येईल. थोडी आलीसुद्धा. मग तिला फोन आठवला. रोज सकाळी ती ऐकायची तो निरोप, ‘पोचलो की फोन करतो गं.’

“तिला सांगा ना, पिल्लू नाहीये म्हणून.”

“हत्तींच्या हाकांत ‘मेला’ असं काही आम्हाला अजून सापडलेलं नाही,” लेमायान म्हणाला. “हत्ती मेलेल्याची हाडं हुंगतात, तेव्हा त्यांना कळतं. पिल्लाची हाडं तर पुरात वाहून गेली. आता तिला कोण सांगणार?”

बाबांच्या सामानातून घरी आलेली एक वस्तू केतकीने कुणालाच दाखवली नव्हती. ती तिने पिशवीतून काढली. कानफाटीच्या पिल्लाची दाढ, पुराआधी बाबांनी उचललेली, मुठीत मावेल एवढी, बाबांच्या रुमालात गुंडाळलेली.

“माफ केलंस तिला?” लेमायानने विचारलं.

“नाही.”

तिने जुन्या पायकानाची चकती दोरीवरून सोडवली. तिच्या जागी दाढ घट्ट बांधली. लेमायानने इंजिन बंद केलं. केतकी जीपच्या काठावरून वाकली आणि वीत वीत दोरी खाली सोडू लागली.

कानफाटीने सोंड उचलली.