पूर्वेच्या भिंतीतलं दुसरं लाकूड

मी निनादला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या घराचा रंग खरवडत होता.

पावसाची भुरभुर चालू होती. रिक्षावाल्यानं मला पळस्प्याच्या फाट्यावर भर चिखलात उतरवलं होतं. एका हातात चपला, दुसऱ्या हातात कोर्टाच्या फायली, अशी मी फाटकातून आत आले, तर पूर्वेच्या कोपऱ्याशी एक अनोळखी माणूस उकिडवा बसून पटाशीनं रंगाचे पापुद्रे काढत होता. तो हिरवा रंग मी एप्रिलमध्ये स्वतः दिला होता. दोन दिवस मान मोडून.

"काय चाललंय हे?"

त्यानं वर पाहिलं. केसांवर पावसाचे थेंब, नाकाच्या शेंड्याला हिरवा कपचा चिकटलेला, आणि चेहऱ्यावर अपराधीपणा नावालाही नाही.

"बघत होतो."

"बघायला पटाशी लागते?"

"एवढा रंग असला की... लागते," तो म्हणाला. "किती वर्षांचे थर आहेत?"

"तुम्हाला किती वर्षांची शिक्षा हवी आहे? मी वकील आहे."

तो हसला. हा त्याचा दुसरा गुन्हा. तिसरा म्हणजे त्यानं पटाशीनंच पडवीकडे बोट दाखवलं. तिथं माझे वडील, सॉलोमन रोहेकर, दोन कप चहा घेऊन उभे होते. त्यातला एकही माझ्यासाठी नव्हता. पप्पांनीच त्याला बोलावलं होतं, मला न सांगता. तो जुन्या घरांचं लाकूड विकत घेतो आणि विचुंब्याच्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांना त्याचे दरवाजे नि टेबलं करून देतो, असं मला समजलं. मी दोघांवरही दार आपटलं.

राग यायला माझ्याकडे कारणं भरपूर होती. आमचं घर साधं नाही. पप्पांच्या आजोबांच्या काळात नॉर्वेहून एक माणूस जहाजावर सुतारकाम करत इकडे आला आणि परत गेलाच नाही. इलिंगसाहेब. त्यानं पनवेलच्या बंदरावर वाफेवर चालणारी लाकूड कापायची गिरणी काढली, आणि कर्नाळ्याच्या जंगलातून लाकूड ज्या वाटेनं यायचं त्या वाटेवर, पळस्प्याला, हे घर बांधलं. त्याच्या देशात बांधतात तसं. भिंतींना वीट नाही, दगड नाही. आडव्या सागवानी लाकडांवर आडवी लाकडं, कोपऱ्यांत एकमेकांच्या खाचांमध्ये बसवलेली. पप्पांचे आजोबा त्याचे कारकून होते. साहेबाला ना बायको ना मूल, त्यामुळे मरताना घर त्यांच्या नावावर करून गेला. तेव्हापासून आमच्यासारख्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू माणसांच्या घरी जे होतं ते इथंही झालं. दर वर्षी पेसाहच्या सणाआधी भांड्यांना कल्हई आणि घराला रंग. एक वर्षही चुकलेलं नाही.

आणि आता रस्ता रुंद होणार होता. नव्या पुलाचा एक पाय बरोबर आमच्या स्वयंपाकघरात येत होता. घर ऐतिहासिक आहे, ते पाडू नये, असा अर्ज मी केला होता. तो त्याच दिवशी, म्हणजे मी चपला हातात घेऊन आले त्या दिवशी, फेटाळला गेला होता. पाऊस संपला की घर रिकामं करून द्यायचं.

पप्पांचं म्हणणं वर्षभर एकच होतं. "हे घर उभं आहे तोवर मी इथं. घर गेलं की आपण दोघं इथनकडे." इथन माझा मोठा भाऊ, इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. अश्दोद चांगलं आहे. समुद्र आहे, वहिनी प्रेमळ आहे, भाचरं गोड आहेत. पण मला पनवेलच्या कोर्टात भांडायचं होतं, तेही मराठीत. आणि पप्पांना तिकडे एकटं पाठवणं मला जमणार नव्हतं. घर गेलं की माझं सगळंच जाणार होतं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. मी दार उघडलं नाही. तो खिडकीशी येऊन उभा राहिला.

"पाच मिनिटं द्या. नंतर पोलिसांना बोलवा हवं तर."

मी पाच मिनिटं दिली, घड्याळ लावून. त्यानं मला कोपऱ्याशी नेलं. रंग गेलेल्या जागी, लाकडाच्या टोकाला, छिन्नीनं मारलेल्या चार रेघा होत्या. त्याच्या वरच्या लाकडाला पाच. माझं अख्खं आयुष्य या घरात गेलं होतं आणि मी त्या कधीच पाहिल्या नव्हत्या.

तो सांगू लागला. त्याच्या घरात चार पिढ्या बैलगाडीची चाकं व्हायची. पनवेलची चाकं तेव्हा पार घाटावर जायची. चाक करताना त्याचे आजोबा प्रत्येक आऱ्यावर छिन्नीनं खूण घालायचे आणि चाकाच्या मधल्या तुंब्याच्या भोकाशी तीच खूण. म्हणजे चाक उद्या सुटं केलं तरी आरा आपल्याच भोकात परत बसणार. "ज्याला पुन्हा जोडायचं असतं त्यालाच माणूस खूण घालतो," तो म्हणाला. "तुमच्या साहेबानं हे घर सुटं करता येईल असंच बांधलंय. तुम्ही दर वर्षी रंग देऊन ते झाकत आलात."

"म्हणजे चूक आमचीच?"

"मी तसं म्हटलं नाही."

"चेहऱ्यावर लिहिलंय तुमच्या."

"चेहऱ्यावर तुमचा हिरवा रंग आहे," तो म्हणाला, आणि मला हसू येतंय हे लक्षात आल्यावर मी जास्तच चिडले.

त्याचं म्हणणं सरळ होतं. घर पाडायचं नाही. उतरवायचं, न्यायचं आणि दुसरीकडे उभं करायचं. जागा होती. कर्नाळ्याच्या अलीकडे, जिथं आमच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा होता, तिथली दहा गुंठे जमीन अजून आमच्याच नावावर होती. पप्पांचे डोळे चमकले. माझे नाही. उतरवलेलं घर म्हणजे नुसता सागवानाचा ढीग, आणि तो ढीग मी कोणाच्या हाती देणार होते? जुनं सागवान विकणाऱ्याच्या! हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याचे कान लाल झाले, पण तो गेला नाही.

मी दोन अटी घातल्या. एकही लाकूड बदलायचं नाही. आणि माझ्या परवानगीशिवाय एकही लाकूड हलवायचं नाही.

"मान्य," तो म्हणाला. "माझी पण एक आहे. मला निनाद म्हणायचं. तुमच्या तोंडून 'अहो मिस्टर' ऐकलं की मला समन्स आल्यासारखं वाटतं."

मग अख्खा श्रावण आम्ही रविवारी रंग खरवडला. बाहेर सर येऊन जायची, पागोळ्या गळायच्या, आणि आम्ही एकेका कोपऱ्याशी गुडघ्यावर बसायचो. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली एक भयंकर गुलाबी.

"हा कोणाचा?" तो विचारायचा.

"माझ्या आईचा. नावं ठेवू नकोस."

"मी काही म्हटलं?"

"भुवयांनी म्हटलं."

'अहो'चं 'अरे' कधी झालं ते मला कळलं नाही. एवढंच कळलं, की रविवारी सकाळी मी केस धुऊ लागले होते... रंग खरवडायला कोण केस धुऊन बसतं? स्वतःचाच इतका राग आला, की त्या रविवारी मी त्याच्याशी तासभर बोलले नाही. तो मुकाट्यानं खरवडत राहिला आणि निघताना म्हणाला, "आज शांपू बदललास वाटतं." मी पटाशी फेकली नाही, हा माझा संयम.

दसरा झाल्यावर घर उतरायला सुरुवात झाली. वरून खाली, एकेक लाकूड, टेम्पोनं कर्नाळ्याकडे. माझ्या तारखा चालू होत्या. रोज संध्याकाळी मी नव्या जागेवर जाऊन खुणा तपासायची. बुधवारी सुनावणी लांबली, मला जाता आलं नाही. गुरुवारी गेले तेव्हा बाकीच्या तिन्ही भिंतींचे ढीग पूर्ण होते. पूर्वेच्या भिंतीच्या ढिगात एका रेघेचं लाकूड होतं, तीन रेघांचं होतं. दोन रेघांचं लाकूड नव्हतं.

"ते कुठंय?"

निनाद टेप गुंडाळत होता. तो थांबला. "विचुंब्याला. मी नेलंय."

"का?"

"दोन दिवस दे मला, रूबी. मग सांगतो."

सहा कामगार बघत होते. पप्पा खुर्चीवर बसले होते. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

"जुनं लाकूड विकणाऱ्याकडून दुसरं काय होणार," मी म्हणाले. "चोर तो चोरच."

त्यानं टेप खिशात घातला, टेम्पोत बसला आणि गेला. कामगारांतला भगवान खाली बघत म्हणाला, "ताई, निनादभाऊ तसा मानूस नाय. तुमी उगाच बोललाव." पप्पा खुर्चीवरून उठले. त्यांनी फोन काढला. लाकूड गेलं म्हणजे घर गेलंच, आता इथनला हो म्हणून टाकतो, असं ते पुटपुटले. मी त्यांना तासभर थांबायला सांगितलं आणि रिक्षा पकडून विचुंब्याला निघाले. वाटेत मी फौजदारी कलमं आठवत होते.

त्याचा कारखाना दोन टॉवरांच्या मध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये होता. आमचं लाकूड दारातच पडलेलं होतं. मी वाकून पाहिलं. वरून हिरवं, गुळगुळीत, माझ्या ब्रशनं रंगवलेलं. आणि आतून पोकळ. वाळवीनं सगळं खाऊन टाकलं होतं. मी बोट लावलं तर भुसा गळला.

शेजारी ठोकळ्यांवर दुसरं लाकूड होतं. जुनंच सागवान, तेवढ्याच लांबीचं, खाचा कापून तयार.

"आजोबांनी चाकांसाठी ठेवलेलं," निनाद माझ्याकडे न बघता म्हणाला. "शेवटचं होतं."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? दर वर्षी तू ज्याच्यावर रंग देतेस ते आतून संपलंय, असं? परवा फोन लावला होता तुला. वाजायच्या आधीच बंद केला. जमलं नाही मला."

"ते तू ठरवायचं नव्हतंस! अट होती आपली. माझं घर आहे, वाळवीही माझीच आहे. मला वाईट वाटलं असतं तर वाटू द्यायचं होतंस."

"हो, चुकलो," तो म्हणाला, आणि मग पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "आणि तू? तीन महिने मी तुझ्या शेजारी गुडघ्यावर बसलोय. तीन महिन्यांत तुला एवढंच दिसलं? सहा माणसांसमोर चोर म्हणालीस मला. उद्या त्यांच्याकडून काम करून घ्यायचंय मला, रूबी."

मी नव्या लाकडाच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. सगळं झालं होतं, खाच, कोन, उतार. फक्त खूण नव्हती.

"ही का नाही घातलीस?"

"तुला विचारल्याशिवाय ते तुमच्या घरातलं कसं होईल?" तो म्हणाला. "नको असेल तर नको. त्याचं टेबल करीन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही राग आला. मी बाकावरची छिन्नी आणि हातोडा उचलला. तो पुढे आला.

"हात लावू नकोस," मी म्हणाले. "माझी मी घालते."

पहिली रेघ वाकडी गेली. दुसरी त्याहून वाकडी. अंगठा ठेचला. त्याच्या भुवया बोलल्या.

"उद्या सकाळी त्या सहाही जणांसमोर मी माफी मागणार आहे," मी छिन्नी खाली न ठेवता म्हणाले. "मी कधीच मागत नाही, त्यामुळे नीट जमणार नाही. आणि दुसरं म्हणजे... मला तू आवडतोस. फार. रविवारची वाट बघायला लावतोस, याचा मला श्रावणापासून राग आहे."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू का नाही?"

"तुझ्या हातात पटाशी असायची."

त्यानं माझ्या हातातून छिन्नी हळूच काढून घेतली आणि ठेचलेला अंगठा आपल्या मुठीत धरला. पप्पा काय म्हणतील, त्याची आई काय म्हणेल, दोन घरांचे दोन देव काय म्हणतील, सगळं मला एकदम आठवलं. तरी मी हात सोडवला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पप्पांचा होता. तास होऊन गेला होता.

"इथन थांबलाय लाइनवर," ते म्हणाले. "काय सांगू त्याला?"

"लाकूड मिळालं, पप्पा. उद्या बसवतोय."

"आणि तो मुलगा?"

मी निनादकडे पाहिलं. "तोही मिळाला."

पप्पांनी पलीकडून घसा साफ केला.

"बरं," ते म्हणाले. "मग इथनला सांगतो, आम्ही येत नाही."