राखून ठेवलेली अंडी

शेकोटीत एक लाकूड सरकव, टोबी, आणि ते खिदळणं बंद कर. ही गोष्ट ग्रॅहम स्क्रिमशॉची आहे, आणि ग्रॅहम थापा मारत नाही. या गावात थापा मारायला मी एकटा पुरेसा आहे.

गेल्या जानेवारीची अठ्ठावीस तारीख, मंगळवार. रात्रीचे साडेअकरा. धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. कोंबड्यांच्या शेडमधला पंखा बंद पडल्याचा इशारा फोनवर आला, म्हणून ग्रॅहम उठून कोट चढवू लागला.

"कोंबड्यांसाठी बरा उठतोस," जॅनिस, त्याची बायको, पांघरुणातून म्हणाली. "परवा मी कण्हत होते तेव्हा नुसती कूस बदललीस."

"तू अंडी देत नाहीस ना," म्हणत तो हसत निघाला.

त्या शेड तुम्ही पाहिल्यात. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या धावपट्टीवर ओळीनं उभ्या आहेत. फुकटचं काँक्रीट कोण सोडतो? याच धावपट्टीचे दिवे ग्रॅहमचे वडील, वॉल्टर, सांभाळायचे. तेव्हा वीस वर्षांचं पोरगं. बॉम्ब टाकून परतणाऱ्या प्रत्येकाला त्या काळी एक तळलेलं अंडं मिळायचं. अंडं म्हणजे चैन! जाताना पोरं एकमेकांना चिडवायची, "तू नाही आलास तर तुझं अंडं माझं हं." शेपटाकडच्या बंदुकीवर बसणारा आर्थर मात्र वॉल्टरला ओरडून सांगायचा, "आमच्या सातही जणांची राखून ठेव रे!"

तेव्हाच्या एका अठ्ठावीस जानेवारीला, अशाच धुक्यात, आर्थरचं विमान परत येऊन डोक्यावर घिरट्या घालत होतं. मागोमाग शत्रूचं विमान आल्याचा संशय होता. दिवे विझवा, असा हुकूम आला. वॉल्टरनं विझवले. पेट्रोल संपेपर्यंत ते विमान वर घरघरत राहिलं आणि मग बीटाच्या शेतात पडलं. सातही गेले. मरताना वॉल्टर पोराचा हात धरून एवढंच म्हणाला, "मी ते दिवे विझवायला नको होते रे."

तर ग्रॅहमनं पंखा चालू केला. अंड्यांच्या खोलीत डोकावला. ट्रे गच्च भरलेले होते. कुलूप लावून बाहेर आला. आणि वर... घरघर.

एक इंजिन खोकत होतं. आवाज गोल फिरून पुन्हा आला. खिशातला वॉकीटॉकी खरखरला. त्याच्या जोडीचा दुसरा वॉकीटॉकी तर घरी कपाटात, कधीचा बंद पडलेला.

"...खाली काही दिसत नाही. दिवे लावा. वॉल्टर... दिवे."

ग्रॅहमला रडू फुटलं. बापानं आयुष्यभर वाहिलेलं ओझं आज उतरवता येईल, असंच त्याला वाटलं. त्यानं भिंतीवरचं दिव्यांचं बटण दाबलं. शेडच्या कडेचे सगळे दिवे धुक्यात उजळले. दोन सरळ ओळी, थेट जुन्या धावपट्टीसारख्या.

"दिसले!" कुणीतरी पोरगेलंसं हसलं. "उतरतोय."

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. दिव्यांच्या मधे धावपट्टी नव्हती. शेड होत्या.

"नको! इथे नको!" तो वॉकीटॉकीत ओरडला. "वर जा! उतरू नका रे!"

पलीकडे ऐकूच जात नव्हतं. आवाज खाली येत होता. आणखी खाली. पत्रे थरथरले. हजारो कोंबड्या... एकही ओरडेना. दिवे ठेवले तर शेडवर आपटणार. विझवले तर... हात बटणावर. कुणाला विचारायचं?

त्यानं विझवले.

अंधार. घरघर डोक्यावरून वर गेली. मग अगदी हळू, दमलेला आवाज...

"पुन्हा, वॉल्टर?"

इंजिन खोकलं. बीटाच्या शेताकडे गेलं. आणि...

काही नाही. धडाम नाही, ज्वाळा नाही. नुसतं धुकं.

उजाडल्यावर जॅनिस शोधत आली, तेव्हा तो तिथेच उभा होता. बोट अजून बटणावर. "वेड्या, गारठून मरशील," ती म्हणाली. "चल, चहा टाकते." चहाची किटली अंड्यांच्या खोलीत असते. त्याच्याच खिशातली चावी काढून तिनं कुलूप उघडलं.

रात्री गच्च भरलेल्या ट्रेमधले सात खळगे रिकामे होते. सात अंडी टेबलावर, एका ओळीत, मांडून ठेवलेली. थंडगार. खायला कुणी आलं नव्हतं.