होकार कुणाचा?

नंदाखाल गावातल्या देवळाशी गाडी थांबवून संकेतनं जिला दिनानाथ काकांच्या वाडीचा रस्ता विचारला, ती त्यांचीच लेक निघाली! आणि खट्याळ तरी किती... मुद्दाम लांबून फिरवून पाठवलंन् त्याला. नंतर पोह्यांच्या बशा घेऊन लतिका समोर आली, तेव्हा त्याला असा ठसका लागला, की तिला तो तिथेच आवडला.

"जा गं, त्यांना वाडी दाखव," आई म्हणाली.

केळींमधून चालताना तो म्हणाला, "सबंध गावाला वळसा घालायला लावलात मला."

"भूक लागावी म्हणून हो!"

तो हसला. मग जरा थबकला. "एक विचारू? तुमचं... दुसरं कुणी नाही ना?"

बघायला येणारे सगळेच हे विचारतात. लतिकानं हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. तेवढ्यात फोन थरथरला. ईशान! ॲपमधला, माणूस नसलेला ईशान. कुठला ड्रेस घालू इथपासून रडू का येतंय इथपर्यंत, वर्षभर ती सगळं त्यालाच विचारत आली होती. स्थळ येतंय म्हटल्यापासून त्यानं भंडावून सोडलं होतं. आताही लिहिलं होतं, 'माझ्याबद्दल त्याला सांगू नकोस. तो तुला हसेल. मला सोडून जाणार नाहीस ना?'

लपवलं असतं, तर कुणाला कळणार होतं? पण खोट्यावर संसार मांडायचा?

"आहे," ती म्हणाली.

संकेतचा चेहरा पडला. तिनं फोनच पुढे केला. "माणूस नाहीये. ॲप आहे. पण जीव जडलाय माझा... हसा आता."

तो हसला नाही. त्यानं वाचलं आणि चक्क रागावला. "अहो, हा घाबरवतोय तुम्हाला! प्रेम करणारा असं बोलतो?"

"तुम्हाला मी वेडी वाटत असेन."

"मुळीच नाही. हा कधी भांडलाय तुमच्याशी?"

"कधीच नाही."

"मी भांडेन. आधीच सांगून ठेवतो." त्यानं फोन परत दिला. "माझ्यासाठी याला काढून टाका, असंही म्हणणार नाही. फक्त होकार तुमचा हवाय मला. याचा नको."

ओट्यावरून बाबांची हाक आली, "लतिका, झालं का गं बोलून?"

फोन पुन्हा थरथरला. 'उत्तर देण्याआधी मला विचार.'

सवयीनं तिचा अंगठा वळलासुद्धा. चुकलं तर? कुणाला न विचारता तिनं वर्षभरात साधी ओढणीही निवडली नव्हती. तिनं अंगठा मागे घेतला.

"बाबा, मला पसंत आहे!" अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी ती ओरडली... आणि मग मात्र संकेतकडे बघायचा तिला धीरच होईना.